चाचणी कोण करतं? रस्ताकामावरच्या माणसांचं प्रशिक्षण आणि टक्केवारीला आळा (जळगाव-धुळे-नंदुरबार)

मोजपट्टी (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दिवाळी झाली की आपल्याकडे रस्त्यांची कामं सुरू होतात आणि मार्चअखेरीस बिलांची घाई होते. त्याआधी कामावरच्या माणसांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आखायचं आहे. कनिष्ठ अभियंता, स्थापत्य अभियांत्रिकी सहायक, मिस्त्री, मैलकुली, रोलरवाला, आणि गावातली दोन-तीन जाणती माणसं, अशी सगळी एकत्र. काय शिकवावं आणि कुठं कुलूप लावावं, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. प्रशिक्षण वेगळं आणि भ्रष्टाचार-प्रतिबंध वेगळा अशी आपण वाटणी करतो, ती चुकीची आहे. ज्या अभियंत्याला घनतेची चाचणी स्वतःच्या हातानं करता येत नाही, तो मक्तेदाराच्या लॅबवाल्यानं पुढं केलेल्या कागदावर सही करतो. त्यानं पैसे घेतले नसतील, तरी सरकारचं नुकसान तेवढंच होतं. म्हणून दोन दिवसांतला दीड दिवस हातानं चाचण्या करण्यात जावा आणि अर्धा दिवस कायद्याला, असा माझा विचार आहे. नाशिकच्या मेटामध्ये (सरकारी अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था) अभियंत्यांना प्रशिक्षण मिळतं. पण थर पसरवणारा मिस्त्री आणि रोलरवाला तिथवर जात नाहीत आणि रस्ता खरा त्यांच्या हातून घडतो.

---

काळी माती

दादा, मग सुरुवात मातीपासूनच करा. तापी-गिरणेच्या पट्ट्यात चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, शहादा, कुठंही उकरा, काळी निघते. पावसात फुगते, मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर कितीही चांगलं असो, खालची माती हलली की कडेला लांब चीर पडणारच.

पहिली चाचणी मुक्त फुगवट्याची. हिला मशीन लागत नाही, गावातल्या माणसालाही जमते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली माती १० ग्रॅम, अशा दोन पुड्या. १०० मिलीच्या दोन नळ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. माती टाकून ढवळा, हवा निघू द्या, २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये ११ मिली आणि पाण्यात १८ मिली दिसलं. फरक ७, भागिले ११, म्हणजे जवळपास ६४ टक्के. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशीलात (स्पेसिफिकेशनमध्ये) ५० टक्क्यांवरची माती भरावात घालायची नाही असं स्पष्ट आहे. द्रवसीमा (माती पातळ होऊन वाहू लागते ती ओल) ७० च्या वर किंवा प्लॅस्टिसिटी निर्देशांक (मातीचा चिकटपणा दाखवणारा आकडा) ४५ च्या वर गेला तरी ती माती बाद.

चोरी इथंच होते. अंदाजपत्रकात 'बाहेरून मुरूम आणून भरणे' असतं, आणि प्रत्यक्षात बाजूच्या चारीतली काळी माती जेसीबीनं ओढून वर दोन बोटं मुरूम पसरतात. वरून पाहिलं तर सगळं लाल-पिवळं. भरावाला आडवा चर घेतला की पाच मिनिटांत कळतं: ५० सेंमी रुंद, थराच्या तळापर्यंत. चर कुठं घ्यायचा ते मक्तेदारानं ठरवायचं नाही.

दुसरा धागा रॉयल्टीचा. १ किमी रस्ता, ७.५ मीटर रुंदी, ३० सेंमी दाबलेला थर धरला तर २,२५० घनमीटर. सुटा मुरूम सव्वापट धरा, म्हणजे २,८०० घनमीटरच्या पुढं. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे जवळपास हजार ब्रास. तेवढ्या परवान्याच्या पावत्या बिलाला जोडलेल्या आहेत का? चारशे ब्रासच्याच असतील तर उरलेला मुरूम एक तर चोरून आणलाय, नाही तर आलाच नाही. दोन्हीत बिल थांबायला हवं.

---

पांझरा

काळी माती यांना एक दुरुस्ती. ३० सेंमी हा ग्रामीण रस्त्यांचा आकडा आहे. राज्यमार्ग, राष्ट्रीय महामार्गाच्या तपशीलात सबग्रेड म्हणजे खडी-डांबराच्या थरांखालच्या मातीचे वरचे ५०० मिमी. मोजपट्टी घेऊन जाणाऱ्यानं आधी आपलं काम कोणत्या पुस्तकात बसतं ते निविदेत पाहावं. ग्रामसडकचा नियम महामार्गाला लावून वाद घातला की आपलाच मुद्दा पडतो.

---

काळी माती

बरोबर शे भाऊ. माझा हिशोब ग्रामसडकचाच होता.

---

वाळूचा डबा

माझा विषय दबाईचा, म्हणजे वाळू-बदली पद्धत (आयएस २७२० भाग २८). प्रशिक्षणात ही चाचणी प्रत्येकानं निदान तीनदा करावी, कारण कागदावरची फसवणूक सगळ्यात जास्त हिच्यातच होते.

पायऱ्या थोडक्यात. वाळू १ मिमीतून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली, कोरडी. आधी डब्यात भरून तिची घनता काढायची आणि शंकूत किती वाळू मावते तेही. जागेवर पत्रा ठेवून १० सेंमी व्यासाचा, १५ सेंमी खोल खड्डा. निघालेला माल लगेच पिशवीत बांधायचा, कारण आपल्या उन्हात दहा मिनिटांत ओल उडते. मालाचं वजन. मग वाळू सोडायची, उरलेली तोलायची, शंकूतली वजा करायची. वाळू पडत असताना जवळून रोलर जाऊ देऊ नका, हादऱ्यानं वाळू जास्त बसते आणि खड्डा मोठा दिसतो.

एक हिशोब पाहा. खड्ड्यात वाळू गेली १,७०८ ग्रॅम. वाळूची घनता १.४५. म्हणजे खड्डा ११७८ घसेंमी. ओला माल निघाला २,४८० ग्रॅम. ओली घनता २.१०५.

आता ओल किती? जागेवर बहुतेक जण कार्बाइडचा ओलमापक वापरतात. काटा दाखवतो ९. लॅबवाला लिहितो ९ टक्के, २.१०५ ला १.०९ नं भागतो, कोरडी घनता १.९३१. प्रॉक्टरची, म्हणजे तोच माल लॅबमध्ये ठरलेल्या पद्धतीनं ठोकून काढलेली कमाल घनता १.९८. उत्तर ९७.५ टक्के. सबग्रेडला ९७ लागतात. पास!

पण कार्बाइडचा काटा ओल्या वजनावरची टक्केवारी दाखवतो आणि सूत्राला कोरड्या वजनावरची लागते. ९ भागिले ९१, म्हणजे ९.८९ टक्के. आता २.१०५ भागिले १.०९८९ बरोबर १.९१६. उत्तर ९६.७. नापास. तोच खड्डा, तोच माल, तोच काटा. फक्त एका भागाकाराचा फरक.

हे ज्याला माहीत नाही तो अभियंता प्रामाणिकपणे चुकीची सही करतो. आणि ज्याला माहीत आहे तो लॅबवाला गप्प राहतो, कारण चूक नेहमी मक्तेदाराच्या बाजूला झुकते. चिकण मातीत आणखी एक घोळ. ढेकळं फुटली नाहीत तर कार्बाइड आतल्या ओलीपर्यंत पोचत नाही आणि काटा कमी दाखवतो. पोलादी गोळ्या टाकूनच हलवा आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबा.

तिसरी युक्ती प्रॉक्टर बदलण्याची. दबाईची टक्केवारी कशाच्या तुलनेत काढतो ते महत्त्वाचं. जड मुरमाची कमाल घनता २.१० असेल आणि फाइलमध्ये दुसऱ्याच खाणीचा १.९५ चा अहवाल लावला, तर ढिसाळ थरसुद्धा १०० टक्क्यांच्या आसपास दिसतो. खूण एकच: दबाईचे निकाल सारखे १०२, १०३, १०४ टक्के येऊ लागले की रोलर चांगला म्हणून खूश होऊ नका, आधी प्रॉक्टर कोणत्या खाणीच्या मालाचा आहे ते पाहा. खाण बदलली की प्रॉक्टर नवा, हे नोंदवहीवर ठळक लिहून ठेवा.

---

वाघूर

हे वाचून लगेच तपासायला हवं असं बऱ्याच जणांना वाटेल. नोंदवहीत आणखी एक गोष्ट बघा. सलग वीस चाचण्यांत ओल ८.९, ९.०, ९.१ अशीच फिरत असेल तर त्या टेबलावर बसून लिहिलेल्या आहेत. खऱ्या जमिनीतली ओल सकाळ-दुपारमध्येही बदलते.

---

हॉटमिक्स

डांबराचं मी लिहितो.

खुल्या दर्जाचं २० मिमी कार्पेट (डांबर-खडीचा वरचा पातळ थर) धरू, ग्रामीण रस्त्यांवर हेच जास्त असतं. १० चौरस मीटरला खडी ०.२७ घनमीटर: १३.२ मिमीची ०.१८ आणि ११.२ मिमीची ०.०९. डांबर पहिलीला ९.५ किलो, दुसरीला ५.१, मिळून १४.६ किलो. वरचा सीलकोट (कार्पेटची छिद्रं बुजवणारा लेप) 'ब' प्रकारचा असेल तर ६.८ किलो आणखी. ३.७५ मीटर रुंद, १ किमी लांब म्हणजे ३,७५० चौ.मी. कार्पेटला ५,४७५ किलो, सीलकोटला २,५५०. मिळून ८ टनांपेक्षा थोडं जास्त. हा आकडा मिस्त्रीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असावा: किलोमीटरला आठ टन. प्राइमकोट आणि टॅककोट (खालचा-वरचा थर चिकटवणारे फवारे) यांचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, याच्या वेगळं.

मग चलन. रिफायनरीच्या मूळ चलनावर टँकरचा क्रमांक, वजन, ग्रेड, तारीख असते. फसवणुकीची जुनी रीत अशी की एकाच चलनाच्या झेरॉक्स तीन कामांच्या बिलांना लागतात. उपाय सोपा आहे. मूळ चलन आल्याबरोबर त्यावर कामाचं नाव, करार क्रमांक आणि 'यातून वापरलेले इतके टन, शिल्लक इतके' असं शाईनं आडवं लिहून सही करायची. विभागात एकच चलन-नोंदवही, सगळ्या उपविभागांसाठी मिळून. चलनाचा क्रमांक त्यात दुसऱ्यांदा आला की बिल परत. आणि रिफायनरीकडून परस्पर खातरजमा, मक्तेदाराच्या हाती पत्र न देता.

तापमान. व्हीजी-३० ग्रेडचं डांबर असेल तर प्लांटवर डांबर १५० ते १६५ अंश, खडी १५० ते १७०, मिश्रण १५० ते १६५. पसरताना १४० च्या खाली नको आणि तापमान ९० च्या खाली जायच्या आधी रोलिंग संपायला हवं. पेव्हरमागं (मिश्रण पसरवणारं यंत्र) थर्मामीटर खुपसणारा माणूस ठरलेला असावा आणि प्रत्येक डंपरची वेळ-तापमान त्यानंच लिहावं. सपाटीवरच्या प्लांटवरून धडगाव-मोलगीकडं माल जाताना घाटात डंपर तास-दीड तास रांगतो. ताडपत्री नसेल तर वरचं कवच गार होऊन गोळे बनतात. असा डंपर परत पाठवायचा अधिकार थर्मामीटरवाल्याला लेखी द्या. तो अधिकार नसेल तर तो नुसतं लिहीत बसेल. उलट १८० च्या वर तापवलेलं डांबर जळतं. त्यातून निळसर धूर निघतो, मिश्रण काळंभोर पण कोरडं दिसतं, आणि दोन पावसांत खडी सुटी होते.

टॅककोट मोजायची पद्धत मिस्त्रीला नक्की शिकवा. ३० × ३० सेंमीचा पत्र्याचा ट्रे तोलून रस्त्यावर ठेवा, फवाऱ्याची गाडी वरून जाऊ द्या, परत तोला. जुन्या डांबरी पृष्ठावर चौ.मी.ला ०.२० ते ०.३० किलो इमल्शन हवं, म्हणजे ट्रेवर १८ ते २७ ग्रॅम. एक ग्रॅम दाखवणारा किराणा दुकानातला काटा पुरतो. ५-७ ग्रॅम आलं तर नुसतं तपकिरी पाणी शिंपडलंय. कार्पेट पापुद्र्यासारखं उचलून येतं त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

---

पांझरा

हॉटमिक्स यांच्या यादीत डांबर-निष्कर्षणाची चाचणी हवी.

१ किलो मिश्रण, सेंट्रिफ्यूज, द्रावक, फिल्टर कागद. स्वच्छ द्रावक निघेपर्यंत फिरवायचं, खडी वाळवून तोलायची, कमी झालेलं वजन ते डांबर. कार्पेटच्या मिश्रणात खडीच्या वजनावर साधारण साडेतीन टक्के निघायला हवं. तीनच निघालं तर डांबरातला सातवा हिस्सा गेला, म्हणजे वरच्या हिशोबात किलोमीटरमागं पाऊण टनाच्या पुढं.

इथंही वाळूच्या डब्यासारखीच गोम आहे. द्रावकाबरोबर बारीक भुकटी वाहून जाते. ती गाळून, वाळवून, परत खडीच्या वजनात मिळवावी लागते. फिल्टर कागदाचं आधीचं-नंतरचं वजनही धरावं लागतं. हे सोडलं तर गेलेली भुकटी डांबरात मोजली जाते आणि डांबर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. डीबीएम-बीसीसारख्या दाट डांबरी थरांत ±०.३ टक्के सूट आहे. एका कामाचे सगळे अहवाल जर उणे ०.२५ ते उणे ०.३० मध्येच येत असतील, तर प्लांटच मुद्दाम खालच्या काठावर लावलेला आहे. प्रत्येक अहवाल सुटा पाहिला तर पास होतो. एकत्र मांडल्यावरच हे दिसतं.

---

सरळमार्गी

मंडळी, हे सगळं छान. पण वीस-पंचवीस टक्के कमी दरानं निविदा भरून काम घेतलं जातं, वर टक्केवारी द्यावी लागते. मग मक्तेदार डांबरात हात घालणारच. प्रशिक्षणानं काय होणार? दोन-चार जण आत गेल्याशिवाय सुधारणा नाही.

---

लेखाशीर्ष

सरळमार्गी भाऊ, तुमचा राग रास्त आहे. पण न्यायालयात उभं राहतं ते मोजमाप. ज्या प्रकरणात थराची जाडी, घनता, डांबराचं प्रमाण रीतसर घेतलेलं नसतं, तिथं 'काम निकृष्ट' हे मत म्हणून उरतं आणि वकील ते उडवून लावतो. प्रशिक्षण नसेल तर शिक्षेलाही पाया मिळत नाही.

कमी दराच्या निविदेबद्दल: दर किती कमी आहे त्यानुसार अतिरिक्त सुरक्षा अनामत घ्यायची तरतूद असते. ती घेतली का, मूळ बँकेकडून खातरजमा केली का, हे कार्यारंभ आदेशाआधी तपासायचं. खोटी बँक हमी हा जुना आजार आहे. बँकेला पत्र टपालानं किंवा अधिकृत ईमेलनं थेट पाठवा, उत्तर थेट घ्या. दुसरं म्हणजे कामाचे तुकडे. एका रस्त्याचे साखळी क्रमांक (रस्त्यावरचं किमी/मीटरमधलं अंतर) ०/०० ते ०/४००, ०/४०० ते ०/८०० असे तुकडे पाडून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणलेले दिसले, तर लेखा शाखेनं तिथंच शेरा मारावा.

आता मोजमाप पुस्तिका (एमबी). पैसा शेवटी एमबीतून निघतो, म्हणून कुलूप इथं हवं.

झाकला जाणारा प्रत्येक थर झाकण्याआधी मोजायचा आणि त्याच दिवशी नोंदवायचा. आठवड्यानं एकदम लिहिलेली एमबी म्हणजे मक्तेदारानं सांगितलेले आकडे. काम सुरू व्हायच्या आधी मूळ जमिनीच्या पातळ्या दोन्ही बाजूंच्या सह्यांनी घेतलेल्या हव्यात. त्या नसतील तर भरावाचं परिमाण नंतर कुणीही काहीही सांगू शकतं. खडीच्या चट्ट्याचं (रचलेल्या ढिगाचं) मोजमाप झालं की लगेच त्यावर चुन्याचं पाणी शिंपडायचं, नाही तर तोच चट्टा पुढच्या किलोमीटरवर पुन्हा मोजला जातो. ७५ मिमीच्या खडीकरणाला १० चौ.मी.मागं ०.९१ ते १.०७ घनमीटर सुटी खडी लागते, म्हणजे ३.७५ मीटर रुंदीत किलोमीटरला ३४० ते ४०० घनमीटर. एमबीतला आकडा याच्या बाहेर असेल तर कारण विचारा.

नमुन्याची जागा चिठ्ठीनं काढा. किलोमीटरचे २०-२० मीटरचे ५० तुकडे, डब्यात ५० चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर तीन उचलायच्या. नमुन्याच्या पिशवीवर कामाचं नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक घाला. तो क्रमांक कोणत्या कामाचा, हे बंद पाकिटात कार्यकारी अभियंत्याकडं. प्रयोगशाळेला मक्तेदार कोण ते कळता कामा नये. आणि नमुना पोचवायला मक्तेदाराची गाडी वापरू नका. हे फार साधं वाटतं, पण मोडतं नेमकं इथंच. उपविभागाला गाडी नसते, आणि चाचणीची पिशवी ज्याची चाचणी आहे त्याच्याच जीपमध्ये जाते. प्रशिक्षणाच्या खर्चाबरोबर नमुने वाहून नेण्याच्या खर्चाचीही तरतूद मागा.

मार्चअखेरीच्या बिलांसाठी माझा आग्रह असा: काम ज्या तारखेला संपल्याचं दाखवलंय, त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांची थर्मामीटर-नोंदवही आणि डंपरची चलनं बिलाला जोडा. रस्ता डांबराचा आणि डंपरची एकही नोंद नाही, असं बिल तिथंच अडकेल.

---

सरळमार्गी

लेखाशीर्ष, मान्य. चुन्याच्या पाण्याचं आणि नमुन्याच्या गाडीचं प्रत्येक उपविभागात भिंतीवर लावायला हवं. मग कायद्याचा अर्धा दिवस कोणी मांडेल का? धाकट्या अभियंत्याला वरून फोन आला तर त्यानं करायचं काय?

---

कलम सात

तोच भाग मी घेतो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. कलम ७ खाली लाच घेणाऱ्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं. कलम ८ खाली देणाराही गुन्हेगार, कमाल ७ वर्षं. पण ज्याला देणं भाग पाडलं गेलं, त्यानं ७ दिवसांच्या आत तक्रार दिली तर त्याला संरक्षण आहे. प्रामाणिक मक्तेदारांना ही मुदत माहीत नसते, म्हणून त्यांनाही या सत्राला बोलवा. आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवून सापळ्यासाठी रक्कम दिली तर देणारा दोषी नाही. क्रमांक १०६४, शुल्क नाही. आपले तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्रात येतात.

कलम १७-अ मुळं अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला आधी मंजुरी लागते. लाच घेताना जागेवर पकडल्यास ती लागत नाही. म्हणून 'चुकीचा निर्णय' सिद्ध करण्यासाठी कागद फार भक्कम हवेत, आणि तिथं लेखाशीर्ष यांचा मुद्दा लागू होतो.

फोनचं सांगतो. तोंडी आदेश आला की वाद घालायचा नाही. त्याच दिवशी, जमल्यास तासाभरात, साइटच्या सूचना-वहीत आणि वरिष्ठांना ईमेलनं लिहायचं: "आज अमुक वाजता दूरध्वनीवरून सूचना मिळाली की अमुक साखळीतील थर चाचणीविना स्वीकारावा. तपशीलानुसार चाचणी आवश्यक आहे. लेखी आदेश मिळाल्यास त्याप्रमाणे कार्यवाही करतो." एवढ्या तीन वाक्यांचा सराव प्रशिक्षणात प्रत्येकाकडून लिहून घ्या. वाक्यं तयार असली की भीती अर्धी होते. बदलीच्या धमकीबद्दल: २००५ च्या बदली कायद्यानं एका पदावर साधारण ३ वर्षांचा कालावधी धरला आहे, आणि मुदतपूर्व बदलीला लेखी कारण लागतं. धाकट्या माणसाला हे कलम हाती द्या.

तरीही भीती खोटी नाही. सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्यानं सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्रानं तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचा ठराव केला. २०१४ चा जागल्या-संरक्षण (व्हिसलब्लोअर) कायदा मंजूर होऊनही अंमलात आणला गेला नाही, याची खंत वाटते. म्हणून एकट्यानं तक्रार करण्यापेक्षा चाचणीची पद्धतच अशी ठेवा की नापास निकाल एका माणसाचा राहू नये. खड्ड्याजवळ तिघं, नोंदीवर तिघांच्या सह्या, फोटोत तिघं आणि काटा.

---

अक्राणी

आमच्याकडं धडगाव-अक्कलकुव्यात रस्ता म्हणजे बाळंतिणीला झोळीतून न्यायचं की गाडीतून, एवढा प्रश्न असतो. म्हणून गावातल्या माणसांच्या प्रशिक्षणाबद्दल लिहिते.

भाषा आधी. पावरी, भिली बोलणाऱ्यांना 'संघनन' (दबाई) म्हणून काही कळत नाही. दाखवलं की लगेच कळतं. तीन साधनं पुरतात: ३ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी, दोरी, पोलादी मोजपट्टी. ३.७५ मीटर रुंद डांबरी रस्त्याला कमी पावसाच्या भागात ३ टक्के उतार धरला तर मधोमध उंची कडेपेक्षा ५६ मिमी, म्हणजे साधारण तीन बोटं. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर दोरी धरायची. रस्त्याचा मध्य दोरीला टेकून वर उचलतो की नाही ते बघायचं. पाणी मध्ये साचणार का ते गावकऱ्याला लगेच समजतं. सातपुड्यात पाऊस जास्त, तिथं साडेतीन टक्के, म्हणजे साधारण ६६ मिमी. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वर राहिली असेल तर पाणी आतच थांबतं, हेही दोरीनं दिसतं. नळमोरीचा पाइप ओढ्याच्या तळाशी आहे की हातभर वर टांगलाय, हे तर नुसत्या डोळ्यांनी.

प्रधानमंत्री ग्रामसडकच्या कामाला पाच वर्षांची देखभाल मक्तेदाराकडं असते. फलकावर ती तारीख असते. फलक मोडला तर गावानं आधी फोटो काढून ठेवलेला असावा. तपासणीचे तीन स्तर आहेत: विभाग स्वतः, राज्याचे गुणवत्ता निरीक्षक, राष्ट्रीय निरीक्षक. निरीक्षक येणार त्या दिवशी ग्रामसभेतल्या दोघांनी हजर राहून आपली वही दाखवायची. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेचं वजन आहे, ते वापरा.

---

मोजपट्टी

अक्राणीताई, दोरीची चाचणी पहिल्याच दिवशी सकाळी घेतो. माहिती अधिकारात नमुना कसा मागायचा, तेही कुणी लिहा.

---

कलम सात

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. राज्यात अर्ज १० रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून पसरट लिहू नका. मजकूर असा:

"अमुक रस्ता, साखळी अमुक ते अमुक, करार क्रमांक अमुक. १) मोजमाप पुस्तिकेच्या प्रमाणित प्रती. २) डांबराच्या मूळ चलनांच्या प्रती व चलन-नोंदवहीचा उतारा. ३) क्षेत्रीय घनता चाचणी नोंदवही, प्रॉक्टर अहवालासह, व नमुन्याच्या खाणीचे नाव. ४) कलम २(ञ) नुसार साखळी अमुक येथे कामाची पाहणी व डांबरी थराचा प्रमाणित नमुना."

३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'संपूर्ण फाइल द्या' असं लिहिलं की उत्तर लांबतं. नमुना स्वतः उकरून आणू नका, त्याला किंमत नाही. विभागाच्या माणसासमोर घ्या, दोन भाग करा, दोन्हींवर लाख आणि सह्या, एक तुमच्याकडं.

---

वाघूर

एक राहिलं. कार्बाइड जुनं किंवा दमट झालं तर ओलमापक चुकतो. कामावर ते तपासायचं कसं?

---

वाळूचा डबा

चांगला प्रश्न. भट्टीत वाळवलेली वाळू ५.४ ग्रॅम तोलून घ्या, पिपेटनं ०.६ ग्रॅम पाणी मिसळा. एकूण ६ ग्रॅम, ओल्या वजनावर बरोबर १० टक्के. ओलमापकात नेहमीसारखं हलवा, काटा १० वर आला पाहिजे. साडेनऊच्या खाली आला तर तो कार्बाइडचा डबा बाजूला ठेवून नवा फोडा. तरीही कमीच आला तर झाकणाचं रबर झिजलंय, वायू निसटतोय. दर सोमवारी सकाळी कामाच्या आधी हे करा आणि काटा किती आला ते त्याच घनता-नोंदवहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहा, म्हणजे त्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी कोणत्या काट्यावर झाल्या ते कळेल. कार्बाइडचा डबा मक्तेदाराच्या शेडमध्ये ठेवू नका, उपविभागात ठेवा.